गर्भहृद्‌गती

गर्भाशयातील गर्भाच्या हृदयाचे दर मिनिटास जितके ठोके पडतात, त्या संख्येस ‘गर्भहृद्‌गती’ म्हणतात. गर्भधारणेनंतर सु. २२ व्या दिवशी हृदयाचे स्पंदन सुरू होते. शेवटच्या मासिक पाळीपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास ही गती सु. ११० असते, नवव्या आठवड्यात ती १७० च्या आसपास पोहोचते आणि पुढे तंत्रिका तंत्राचे नियंत्रण वाढत जाते तशी ती मंदावते. पूर्ण दिवसांच्या गर्भात ती ११० ते १६० असते. गतीवरून गर्भाचे लिंग ओळखता येते, हा समज निराधार आहे.

इतिहास : जिनीव्हाचे शल्यचिकित्सक फ्रांस्वा मायॉर यांनी १८१८ मध्ये मातेच्या पोटाला कान लावून हे ठोके ऐकल्याची नोंद आहे. फ्रेंच वैद्य केरगारादेक यांना १८२१ मध्ये स्टेथॉस्कोपने गर्भजलाचा आवाज ऐकू पाहत असता ते ऐकू आले. गर्भाच्या प्रकृतीचा अंदाज त्यांवरून करता येईल, हे त्यांनी ओळखले.

मापन : पिनार यांचे नरसाळ्यासारखे श्रवणयंत्र साधारणतः विसाव्या आठवड्यानंतर उपयोगी पडते. डॉप्लर उपकरणाने ठोके बाराव्या आठवड्याच्या सुमारासच ऐकू येतात. हलत्या हृदयावरून परावर्तित होणाऱ्या श्राव्यातीत तरंगांची कंप्रता बदलते, हे त्याचे तत्त्व होय. मातेच्या रोहिणीतील आवाज गर्भाचा समजला जाऊ नये म्हणून त्याच वेळी तिची नाडीही मोजतात.

अर्थबोध : केवळ संख्येवरून निष्कर्ष काढता येत नाही. निरोगी गर्भाची गती सतत थोडीफार बदलते व हालचालीबरोबर काही सेकंद वाढते. गर्भ झोपेत असता हे चढउतार तात्पुरते कमी होतात. प्रसूतीच्या कळेत वारेकडील रक्तप्रवाह घटतो. गर्भाच्या डोक्यावरील दाबामुळे कळेबरोबर मंदावलेली गती कळ ओसरताच पूर्ववत होते. परंतु कळ शिगेला पोहोचल्यानंतर गती मंदावू लागली व वारंवार उशिरा सावरली, तर ऑक्सिजनाच्या कमतरतेची शंका घेतात. म्हणून कळ ओसरल्यानंतरही ठोके ऐकणे आवश्यक असते.

१९५८ मध्ये एडवर्ड हॉन यांनी इलेक्ट्रॉनीय नोंदीची पद्धत मांडली. डब्लिन येथील सु. १३,००० स्त्रियांच्या चाचणीत (१९८५) अखंड आलेखनामुळे नवजातांना येणारे झटके कमी झाले. मस्तिष्क पक्षाघाताचे प्रमाण मात्र घटले नाही. अशा अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात सिझेरियन शस्त्रक्रिया वाढल्याचे आढळले. त्यामुळे निरोगी स्त्रीच्या नैसर्गिक प्रसूतीत अखंड आलेखनाऐवजी ठराविक अंतराने ठोके ऐकावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केली. जोखमीच्या प्रसूतीत अखंड आलेखन वापरतात.

ठोके ऐकू येणे म्हणजे गर्भ सुस्थितीत असणे नव्हे. गर्भाची हालचाल मंदावल्यास घरगुती उपकरणावर ठोके ऐकू आले, तरी गर्भिणीने विलंब न लावता रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.