मिनिटेल किऑस्क

किऑस्क ही फ्रान्समधील मिनिटेल या दूरध्वनीच्या तारेवरून चालणाऱ्या संगणकीय सेवेची दर-आकारणी आणि देयकवसुली करणारी प्रणाली होती. ती १९८४ साली सुरू झाली. दूरध्वनी केंद्रे, माहिती वाहून नेणारे संगणकीय जाळे आणि सेवा पुरवणाऱ्या संस्थांचे संगणक या तीन स्वतंत्र व्यवस्था तिने एकत्र जोडल्या. त्यामुळे ग्राहकाला वापरलेल्या सेवांचे पैसे नेहमीच्या दूरध्वनी देयकातच भरता येऊ लागले. आंतरजालाचा प्रसार होण्यापूर्वी सर्वसामान्य कुटुंबांना सशुल्क माहितीसेवा मोठ्या प्रमाणावर पुरवणारी ही जगातील एक प्रमुख व्यवस्था मानली जाते.

पार्श्वभूमी

सिमाँ नोरा आणि आलँ मँक यांनी १९७८ साली फ्रेंच शासनाला सादर केलेल्या अहवालात संगणक व दूरसंचार यांच्या संयोगाचे महत्त्व मांडले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस ट्रान्सपॅक हे माहितीचे लहान लहान संच करून ते वाहून नेणारे राष्ट्रीय जाळे सुरू झाले. दूरध्वनी सेवा त्या काळी शासकीय विभागाकडे होती. छापील दूरध्वनी निर्देशिकेला पर्याय म्हणून या विभागाने ग्राहकांना मिनिटेल हे छोटे यंत्र विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. त्याच्या पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ४० अक्षरे मावत. यंत्राकडे येणाऱ्या माहितीचा वेग सेकंदाला १२०० बिट, तर यंत्राकडून जाणाऱ्या माहितीचा केवळ ७५ बिट होता.

यंत्र घरोघरी पोहोचले, तरी सेवा देणाऱ्यांपुढे वसुलीचा प्रश्न होताच. हवामान, बातम्या किंवा रेल्वेचे वेळापत्रक पाहणाऱ्याकडून मिळणारी रक्कम अतिशय अल्प असे. प्रत्येक ग्राहकाची नोंदणी करणे, त्याला परवलीचा शब्द देणे आणि स्वतंत्र देयक पाठवणे यांचा खर्च उत्पन्नाहून अधिक झाला असता. दूरसंचार विभागाकडे मात्र प्रत्येक ग्राहकाचे खाते आणि प्रत्येक दूरध्वनीचा मीटर आधीपासूनच होता. किऑस्कची कल्पना या वस्तुस्थितीवर उभी राहिली. वृत्तपत्रविक्रेत्याच्या टपरीवरून या प्रणालीला हे नाव मिळाले. वाचक टपरीवर पैसे देऊन अंक घेतो, आपले नाव सांगत नाही, आणि विक्रेता आपला वाटा ठेवून उरलेली रक्कम प्रकाशकाला देतो. हाच व्यवहार येथे दूरध्वनीच्या तारेवर होत असे.

रचना व कार्यपद्धती

ग्राहक प्रथम ३६१५ हा क्रमांक फिरवी. दूरध्वनी केंद्र त्याची जोडणी प्रवेशस्थान म्हणून काम करणाऱ्या संगणकाशी करून देई. पडद्यावर ग्राहकाने हव्या त्या सेवेचे सांकेतिक नाव टंकित केले, की प्रवेशस्थान ट्रान्सपॅकमार्गे संबंधित पुरवठादाराच्या संगणकाशी संपर्क जोडी.

या क्षणापासून दोन हिशोब समांतर चालत. एकीकडे ग्राहकाच्या मीटरवर त्या क्रमांकाच्या दरानुसार पल्स पडत; एसटीडी बूथवरील मीटरची आठवण असलेल्यांना ही पद्धत परिचित वाटेल. दुसरीकडे कोणत्या सेवेला एकूण किती वेळ जोडणी मिळाली, याची नोंद प्रवेशस्थान ठेवी. पहिल्या हिशोबावरून ग्राहकाचे देयक तयार होई, तर दुसऱ्यावरून पुरवठादाराचा वाटा ठरे. दोन्ही नोंदी वेगळ्या राहिल्याने सेवा कोण वापरत आहे हे पुरवठादारास कळत नसे आणि देयकावर सेवेचे नाव येत नसे.

दर आणि महसुलाची वाटणी

दर सेवेनुसार नव्हे, तर क्रमांकानुसार ठरत. ३६१५ साठी तो ताशी सुमारे ६० फ्रँक होता. त्यातील जवळपास दोन-तृतीयांश रक्कम पुरवठादारास मिळे व उरलेली दूरसंचार विभागाकडे राही. बुडीत देयकांची चिंता नसल्यामुळे लहान उद्योजकही या क्षेत्रात उतरले. पुढे यंत्रांची संख्या ६० लाखांवर आणि सेवांची संख्या २० हजारांवर गेली.

परिणाम आणि वाद

जाहिरातींचे उत्पन्न हातचे जाईल, अशी भीती वृत्तपत्रांनी व्यक्त केली होती. म्हणून किऑस्क प्रारंभी मान्यताप्राप्त नियतकालिकांसाठी राखून ठेवण्यात आला. या अटीची पूर्तता करण्यासाठी काहींनी नावापुरती नियतकालिके काढली.

आकारणी वेळेवर असल्याने ग्राहकास अधिकाधिक काळ पडद्यासमोर खिळवून ठेवणाऱ्या सेवा सर्वाधिक फायद्याच्या ठरल्या. त्यांत संवादसेवा, विशेषतः प्रौढांसाठीच्या संवादसेवा, आघाडीवर होत्या. जून १९८५ मध्ये वाढलेल्या वाहतुकीचा भार न पेलल्याने ट्रान्सपॅक जाळे कोलमडले. अशा सेवांच्या उत्पन्नात शासकीय विभागाचा वाटा असल्याबद्दल टीकाही झाली.

देयकातील निनावीपणाच्याही दोन बाजू होत्या. ग्राहकाचे खाजगीपण जपले जाई. परंतु मोठ्या रकमेचे देयक हाती पडल्यावर ती कोणत्या सेवेवर, घरातील कोणामुळे खर्च झाली, याचा उलगडा कुटुंबप्रमुखास होत नसे. देयक ज्याच्या नावावर आहे तो आणि सेवा वापरणारा या दोन व्यक्ती वेगळ्या असू शकतात, ही अडचण या प्रणालीत कायम राहिली.

अस्त आणि नंतरच्या प्रणाली

मिनिटेलमुळे फ्रान्समध्ये आंतरजालाच्या प्रसारास खीळ बसण्याची शक्यता पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांनी १९९७ साली बोलून दाखवली. ३० जून २०१२ रोजी मिनिटेल सेवा बंद करण्यात आली.

दूरध्वनी देयकातूनच सेवेचे पैसे घेण्याचे तत्त्व मात्र टिकून राहिले. जपानमध्ये १९९९ साली सुरू झालेल्या आय-मोड या भ्रमणध्वनी सेवेत अधिकृत संकेतस्थळांचे शुल्क याच रीतीने वसूल केले जाई आणि कंपनी त्यातील ९ टक्के स्वतःकडे ठेवी. भारतात कॉलर ट्यून, क्रिकेटचे धावफलक यांसारख्या मूल्यवर्धित सेवांचे शुल्क ग्राहकाच्या शिलकीतून कापले जाऊ लागले, तेव्हा न मागितलेल्या सेवा सुरू होत असल्याच्या तक्रारी वाढल्या. त्यावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ साली सेवा सुरू करण्यापूर्वी ग्राहकाची दोनदा संमती घेणे बंधनकारक केले. सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा क्रमांक उपलब्ध आहे. वसुली जितकी सुलभ, तितकी संमतीची खातरजमा आवश्यक, हा या सर्व प्रणालींच्या अनुभवातून पुढे आलेला मुद्दा होय.