सुप्याच्या गाडीची धाव

रामनगरला आमच्या पडवीत बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव भिंतीला टेकून उभी आहे. आमचं सुपा गाव पाण्याखाली जाणार हे नक्की झालं तेव्हा आजोबांनी बैल विकले, गाडीची लाकडं जळणाला दिली आणि ही एक धाव ट्रकमध्ये घातली. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचं आमचं तालुक्याचं गाव धरणात गेलं. धरण १९८७ साली पुरं झालं, आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला आली.

मोटार आली आणि घोडा गेला असं म्हणतात, पण ती गोष्ट शहरांची. मुंबईत ९ मे १८७४ रोजी ट्राम धावली ती घोड्यांच्या जोरावर. ट्राम कंपनीकडे सुमारे ९०० घोडे होते. घोडा उभा असला तरी त्याला दाणावैरण लागते, मोतद्दार लागतो, नाल झिजले की नालबंद लागतो. १९०७ साली विजेची ट्राम आली, १९२६ साली बस. व्हिक्टोरिया ही घोडागाडी तेवढी हौसेवर तगली. २०१५ साली उच्च न्यायालयाने तीही बेकायदा ठरवली.

आमच्या डोंगरांनी घोडे पाहिले ते वाटसरू म्हणून. होर्मुजहून गलबतांत भरून आणलेली जनावरं गोव्याच्या बंदरात उतरत आणि सह्याद्री चढून विजयनगरच्या फौजेत जात. इथे कष्ट केले ते बैलांनी. लमाणांचे तांडे पाठाळ बैलांवर गोणी लादून कोकणातलं मीठ वर नेत, येताना धान्य खाली आणत. हे बैल वाटेतल्या गवतावर निभत. घोड्याला चंदी बरोबर न्यावी लागली असती, म्हणजे निम्मं ओझं त्याच्याच पोटाचं.

१८८०च्या दशकाच्या अखेरीस मुरगावहून दूधसागरवरून कॅसलरॉकपर्यंत रेल्वे चढली आणि मीठ डब्यातून जाऊ लागलं. ही गाडी मोटारीच्या आधीची. तांड्यांचा हा धंदा पहिल्यांदा बसला तो रुळांमुळे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आजोबा बैलगाडीतून भात आणि बांबू वाहत. घाटउतारावर ते चाकामागे लाकडी ओंडका बांधून ओढत न्यायचे, तोच त्यांचा ब्रेक. मग लॉरी आली. जंगलातला सागवान बाहेर काढायचा म्हणून रस्ते रुंदावले, मग धरणाचं सिमेंट त्याच रस्त्यांनी आलं. आजी म्हणायची, "लॉरीला चारा नको, पण वाट पाहिजे." माझ्या मते सगळं मर्म तेच आहे. बैल पाऊलवाटेनेही जातो, चाकाला मात्र बांधलेली वाट लागते, आणि ती जिथे माल आहे तिथे लवकर पोचते. ज्या वाडीत फक्त कुणबी माणसं आणि नाचणी, तिथे उशिरा.

आत्या अशाच वाडीत दिलेली. तिला बाळंतवेणा सुरू झाल्या तेव्हा पावसाळा होता, ओढे भरलेले. बांबूला कांबळं बांधून झोळी केली, दोन पुढे, दोन मागे, आळीपाळीने खांदे बदलत माणसं चिखलातून उतरली. डांबरी रस्त्यावर जीप दिवे लावून उभी होती. आजोबा पुढे कंदील धरून चालत होते. जीपचे दिवे दिसले तसा त्यांनी तो विझवला आणि आत्याचं डोकं मांडीवर घेऊन मागच्या फळीवर बसले.