‘मी कुणाला काय आधार देणार?’

मानसिक आजारातून गेलेली व्यक्ती नोकरीच्या मुलाखतीला निघते तेव्हा तिच्या मनात एकच धास्ती असते. बायोडेटामधल्या त्या दोन-तीन रिकाम्या वर्षांबद्दल कोणी विचारले तर काय सांगायचे? मात्र एक काम असे आहे, की त्यासाठी या अनुभवाचीच अट असते. त्याला ‘पिअर सपोर्ट’ म्हणतात. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया किंवा तीव्र चिंतेच्या आजारातून गेलेली, आता सावरलेली व्यक्ती त्याच वाटेवर असलेल्या दुसऱ्या माणसाला सोबत करते. ती डॉक्टर नसते आणि समुपदेशकही नसते. ओपीडीच्या रांगेत शेजारी बसणे, औषधाने सुस्ती येते तेव्हा दिवस कसा आखायचा यावर बोलणे, रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या अवघड आठवड्यांत संपर्कात राहणे, असे हे काम.

ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. पण नेमक्या याच मुलाखतीआधी अनेकांचा धीर सुटतो. ‘माझेच अजून पुरते सावरलेले नाही, मी कुणाला काय आधार देणार?’, ‘बोलताना रडू आले तर?’, ‘पुन्हा आजारी पडलो तर?’ असे प्रश्न आदल्या रात्री झोपू देत नाहीत. या शंकांचे काय करायचे, ते पाहू.

काम नवे, कल्पना जुनी

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात झाँ-बाप्तिस्त प्युसाँ मनोरुग्ण विभागाची व्यवस्था पाहत. ते स्वतः गंडमाळेवरील उपचारांसाठी तिथे आले होते आणि तिथेच कामाला राहिले. परिचारक नेमताना ते बऱ्या झालेल्या रुग्णांना प्राधान्य देत, कारण असे लोक रुग्णांशी अधिक माणुसकीने वागतात, असा त्यांचा अनुभव होता. १७९३ मध्ये तिथे आलेल्या डॉ. फिलिप पिनेल यांनी ही पद्धत उचलून धरली. १९३५ मध्ये अमेरिकेत ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ सुरू झाली, ती याच तत्त्वावर. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण पुढे कार्यकर्ते म्हणून उभे राहिले.

मानसिक आरोग्यसेवेत हे पगारी पद म्हणून रुळले ते अलीकडे. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये या सेवेचा खर्च सरकारी आरोग्य योजनेतून देण्यास सुरुवात केली. ब्रिटनच्या ‘एनएचएस’मध्ये आज ‘पिअर सपोर्ट वर्कर’ ही रीतसर नेमणूक आहे.

याचा उपयोग होतो का? २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ११ चाचण्या आणि २,७९६ जण होते. अशाच भूमिकेत काम करणाऱ्या व्यावसायिकांच्या तुलनेत स्वानुभवी कार्यकर्त्यांचे परिणाम ना सरस दिसले, ना कमी. इंग्लंडमधील ४४१ जणांवरचा अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. संकटकाळातील उपचार संपल्यानंतर ज्यांना स्वानुभवी सोबत मिळाली, त्यांच्यापैकी २९ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा तातडीची सेवा घ्यावी लागली. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण ३८ टक्के होते. म्हणजे मुलाखत घेणारे तुमच्यावर उपकार करायला बसलेले नसतात. त्यांना तुमच्याकडचे काहीतरी हवे असते.

शंका येते कुठून?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन यांनी याची साखळी मांडली आहे. ‘मानसिक रुग्णाला जबाबदारी झेपत नाही’ असे समाज मानतो. हळूहळू आजारी व्यक्तीलाही ते पटते. मग ती तेच माप स्वतःला लावते आणि शेवटी ‘प्रयत्न करून काय उपयोग?’ म्हणत अर्जच करत नाही. आपल्या घरांत ही साखळी बऱ्याचदा मायेपोटी घडते. ‘तू ताण घेऊ नकोस’, ‘एवढ्यात नोकरी कशाला?’, ‘पाहुण्यांसमोर विषय काढू नकोस’ ही वाक्ये वर्षानुवर्षे ऐकली, की ती आपल्याच आवाजात ऐकू येऊ लागतात. मुलाखतीच्या आदल्या रात्री बोलणारा आवाज बहुधा हाच असतो.

त्यावर ‘मी करू शकतो’ असे घोकून फारसे साधत नाही. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये सांगितले, की स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास चार गोष्टींतून येतो: स्वतः करून पाहणे, आपल्यासारख्या दुसऱ्याला करताना पाहणे, विश्वासातल्या माणसाचे शब्द आणि शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांतली पहिली गोष्ट सर्वांत प्रभावी. तयारी याच क्रमाने करता येते.

करून पाहा, मोठ्याने

एका वहीत तीन गोष्टी लिहा: आजारपणात मला कशाने बरे वाटले, कशाने त्रास वाढला आणि आज स्वतःला सांभाळण्यासाठी मी काय करतो. आजाराची सगळी कहाणी लिहिण्याची गरज नाही. मुलाखतीत ‘तुम्हाला काय झाले होते?’ यापेक्षा ‘तुमच्या अनुभवाचा दुसऱ्याला काय उपयोग होईल?’ याला अधिक महत्त्व असते. ‘मी महिनाभर अंथरुणातून उठलो नाही’ ही झाली कहाणी. ‘तेव्हा मावशी रोज फक्त दारापर्यंत चल म्हणायची. त्यामुळे लहान पावलाची किंमत मला कळली’ हा झाला उपयोग. दोन मिनिटांत सांगता येईल असा एक प्रसंग निवडा. काय सांगायचे नाही, तेही आधीच ठरवा. ‘त्याबद्दल मी इथे बोलणार नाही, पण त्यातून शिकलो ते असे,’ हे उत्तर पूर्ण आहे. आपल्या खासगीपणाची हद्द आखता येणे ही या कामातली आवश्यक क्षमताच आहे.

मग काही प्रश्नांची उत्तरे एखाद्या मित्रासमोर मोठ्याने द्या. ‘मी गोळ्या बंद केल्यात,’ असे कोणी सांगितले तर? रागवायचे नाही आणि होकारही द्यायचा नाही. का बंद केल्या हे ऐकून घ्यायचे आणि डॉक्टरांशी बोलायला मदत करायची. ‘कोणाला सांगू नका, मला जगायचे नाही,’ असे कोणी म्हणाले तर? गुप्ततेचे वचन देता येत नाही. त्या व्यक्तीला तसे स्पष्ट सांगून, तिला एकटे न सोडता वरिष्ठांना लगेच कळवायचे. कोणी उसने पैसे मागितले किंवा रात्री-अपरात्री फोन करू लागले तर? संस्थेचा नियम सांगायचा. तीन-चार वेळा बोलून झाले, की ‘मला जमणार नाही’ या सरसकट वाक्याच्या जागी ‘दुसरे उत्तर अजून नीट येत नाही’ असे नेमके वाक्य येते. त्यावर काम करता येते.

पाहा, ऐका, श्वास घ्या

हे काम करणाऱ्या एखाद्याला भेटता आले तर उत्तम. नाहीतर आधारगटाच्या बैठकीला जा. पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ आणि ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ यांनी असे गट चालवले आहेत. आपल्यासारखीच माणसे तिथे दुसऱ्याला धीर देताना दिसतात.

विश्वासातल्या माणसाला ‘मला जमेल ना?’ असे विचारू नका, उत्तर ‘हो’ एवढेच येईल. ‘माझा तुला कधी उपयोग झाला?’ असे विचारा. उत्तरात एखादा प्रसंग मिळेल.

आणि मुलाखतीच्या दाराशी छातीत धडधड होईल, ती होऊ द्या. हार्वर्डच्या अॅलिसन वूड ब्रुक्स यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, भाषणाआधी ‘मी उत्सुक आहे’ असे स्वतःला म्हणणाऱ्यांची कामगिरी ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. धडधड दोन्हीकडे तीच असते. तिला दिलेले नाव बदलते.

तुम्हीही विचारा

शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का?’ असे विचारले जाते. तिथे गप्प बसू नका. माझ्या कामावर मार्गदर्शन कोण करणार? प्रशिक्षण मिळेल का? टीममध्ये माझ्यासारखे आणखी कोणी आहे का? तब्येत बिघडली तर रजेची काय सोय? आपल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि गरजेनुसार वाजवी सोयी देण्याची कल्पनाही त्यात आहे. पुन्हा आजारी पडण्याची भीती अगदीच निराधार नसते. म्हणूनच तिच्यावरचा उपाय संस्थेनेही आखून ठेवलेला हवा. या प्रश्नांना धड उत्तर न देणारी संस्था तुमच्यासाठी योग्य नसेल, हेही त्यातून कळते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. काही आठवडे झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जुनी लक्षणे परतत असतील, तर ती मुलाखतीची धाकधूक नसून तब्येतीची सूचना असू शकते. अशा वेळी आधी आपल्या डॉक्टरांना भेटा. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. अर्ज सहा महिन्यांनी करणे म्हणजे हार नव्हे. आपली लक्षणे वेळीच ओळखून थांबता येणे, हेही उद्या दुसऱ्याला शिकवायच्या गोष्टींपैकीच एक आहे.

शंका पूर्णपणे जाण्याची वाट पाहत बसलात तर अर्जाची तारीख निघून जाईल. जिच्याशी उद्या तुम्ही बोलणार आहात, ती व्यक्तीही स्वतःबद्दल साशंकच असणार. ती शंका घेऊनही घराबाहेर कसे पडायचे, हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिला सांगण्यासारखे तुमच्याकडे नक्कीच काहीतरी आहे.