सरासरीमागे लपलेलं हाड

वरच्या जबड्यात एकही दात उरला नसेल, तर चार ते सहा इम्प्लांटवर दातांची अख्खी कमान पक्की बसवता येते. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले, तेव्हापासून या उपचाराचा पाया एकच आहे: हाड टायटॅनियमला थेट धरून ठेवतं. पण इम्प्लांटच्या मानेपाशी हे हाड थोडं थोडं झिजतं. किती झिजलेलं चालेल? 1986 मध्ये अल्ब्रेक्टसन आणि सहकाऱ्यांनी निकष दिला: पहिल्या वर्षानंतर दरवर्षी 0.2 मिमीपेक्षा कमी.

आता एक काल्पनिक अभ्यास घ्या. 20 रुग्ण, प्रत्येकी 4 इम्प्लांट, एकूण 80. पाच वर्षांनी सरासरी झीज 0.39 मिमी. छानच वाटतं ना? पण समजा 72 इम्प्लांटभोवती झीज 0.1 मिमी आहे आणि उरलेल्या 8 भोवती 3 मिमी. गणित करून बघा, सरासरी तीच येते! आणि ते आठही दोनच रुग्णांच्या तोंडात असतील, तर त्या दोघांची सगळी कमानच धोक्यात आहे.

म्हणून पेपर वाचताना तीन गोष्टी तपासा.

पहिली, मोजणीचं एकक. एकाच तोंडातले चार इम्प्लांट म्हणजे चार स्वतंत्र निरीक्षणं नव्हेत. धूम्रपान, मधुमेह, दात घासण्याची सवय हे सगळं त्यांना सामायिक असतं. विश्लेषणात हे धरलंय का?

दुसरी, निखळलेले इम्प्लांट. जो पडला त्याचं हाड मोजलंच जात नाही. म्हणजे सगळ्यात वाईट केस बाहेर गेली की सरासरी उलट सुधारते. त्यामुळे किती टिकले हा आकडा शेजारी हवाच.

तिसरी, एक्स-रे. साध्या एक्स-रेत इम्प्लांटच्या दोन बाजूंचं हाड दिसतं. ओठाकडचं आणि टाळूकडचं नीट दिसत नाही. कोन चुकला तर मापही चुकतं. एकाच फिल्मचं पुन्हा केलेलं वाचन किती जुळतं, ते दिलंय का? वाचनातली चूकच 0.2 मिमी असेल, तर 0.2 मिमीच्या फरकाला अर्थ काय उरला?

आणि हो, खालच्या जबड्याचे निष्कर्ष तसेच वर लावू नका. वरचं हाड, विशेषतः मागच्या बाजूला, जास्त सच्छिद्र असतं आणि वर सायनसची पोकळी असते.

पुढचा पेपर उघडाल तेव्हा सारांशातल्या सरासरीवर थांबू नका. थेट तक्त्यात जा आणि सर्वाधिक झीज किती, ती किती रुग्णांत, हे शोधा.