रिबनला खर्जाची साथ

नागपुरात सीताबर्डीच्या मेन रोडवर स्पीकर बघत फिरणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. दुकानदार म्हणतो, "साहेब, बारा इंची सबवूफर घ्या, भिंती हलतील." ज्याच्या घरी आधीच रिबन स्पीकर उभे आहेत असा जाणकार मित्र म्हणतो, "रिबनला सबवूफर लावायच्या भानगडीत पडू नकोस. रिबन वेगवान, सबवूफर सुस्त. तो मागेच पडणार." दोघंही अनुभवातून बोलतात, पण ज्या खोलीत हे सगळं वाजणार आहे तिच्याबद्दल कुणीच अवाक्षर काढत नाही. खरी गोम तिथेच आहे.

कोणतं रिबन?

आधी एक घोळ निस्तरू. बाजारात 'रिबन' या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एकीत नेहमीच्या लाकडी पेटीवर फक्त ट्विटर रिबनचा असतो आणि खालचे सूर शंकूच्या वूफरमधूनच येतात. अशा जोडीला सबवूफर जुळवणं इतर कुठल्याही पेटीबंद स्पीकरइतकंच सोपं किंवा अवघड. दुसरी वस्तू म्हणजे माणसाच्या उंचीचं, दाराच्या फळीसारखं सपाट पॅनल. हा लेख त्याच्यासाठी आहे.

चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये काही मायक्रॉन जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी टांगायची आणि तिच्यातून वीजप्रवाह सोडायचा; पट्टी थरथरते आणि हवा हलवते. वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेर्लाख या जर्मन संशोधकांनी १९२० च्या दशकात याच तत्त्वावर मायक्रोफोन आणि लाउडस्पीकर दोन्ही घडवले. घरगुती ऐकण्यात ही जात रुजवली ती १९६९ मध्ये अमेरिकेत मॅग्नेपॅन कंपनी काढणाऱ्या जिम वायनी यांनी. त्यांच्या पॅनलमध्ये पातळ प्लॅस्टिकच्या पडद्यावर तारा चिकटवलेल्या असत. पुढे वरच्या सुरांसाठी खरी रिबनही आली. १९८० च्या दशकात अपोजी कंपनीने वरपासून खालपर्यंत सगळे सूर रिबनवरच पेलायचं ठरवलं. त्यांच्या 'सिंटिला'चा भार १ ओमइतका खाली जाई, आणि भल्याभल्या ॲम्प्लिफायरना घाम फुटे.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण पुण्याच्या केडन्स कंपनीचं. त्यांचे स्पीकर रिबनचे नव्हेत, इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनलचे. पण वरच्या सुरांना पॅनल आणि खालच्या सुरांना पेटीतला वूफर अशी जोडी त्यांनी एकाच स्पीकरमध्ये जमवली. नाजूक पडद्याला दणकट वूफर जोडायचा प्रश्न त्यांच्यापुढेही होताच.

खर्ज जातो कुठे?

पॅनलला पेटी नसते. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. वरच्या सुरांत याचा त्रास होत नाही, उलट आवाजाला छान खोली येते. पण ५० हर्ट्झच्या सुराची लहर सुमारे ७ मीटर लांब. अर्धा-पाऊण मीटर रुंदीच्या फळीला वळसा घालून मागची लहर पुढे येते आणि पुढचीला खाऊन टाकते. म्हणून मोठी पॅनलं ४०-५० हर्ट्झच्या आसपास हात टेकतात आणि लहान पॅनलं त्याच्याही बरीच आधी.

आता हे आपल्या गाण्याशी ताडून बघा. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या गायकाचा षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळपास असतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ वर. बायकांची पट्टी वरची, त्यामुळे त्यांच्या तंबोऱ्याचा खर्ज १०० च्या आसपास. म्हणजे मोठ्या पॅनलवर रात्रभर ख्याल ऐकणाऱ्याला सबवूफरवाचून फारसं अडत नाही. अडतं ते सिनेमाचं पार्श्वसंगीत, २७.५ हर्ट्झपर्यंत उतरणारा पियानो, चर्चचा ऑर्गन आणि ४१ हर्ट्झची तार असलेला बास गिटार ऐकणाऱ्याला. खरेदीआधी आपल्या कपाटातल्या रेकॉर्डी आणि सीडी चाळाव्यात, त्या या कारणासाठी.

सुस्त कोण?

५० हर्ट्झचा सूर वाजवायला शंकूने सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे व्हायचं असतं. जड शंकूही हे सहज करतो. तरीही सबवूफर मागे पडल्यासारखा वाटतो, त्याची कारणं वेगळी आहेत. पहिलं कारण, त्याला १००-१२० हर्ट्झपर्यंत वाजू दिलेलं असतं, म्हणजे पॅनलचं काम तो बळकावतो. दुसरं, दोघांचा आवाज कानाशी एका वेळी पोचत नाही. तिसरं आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे खोली सूर धरून ठेवते.

१५ फूट लांब, १२ फूट रुंद, १० फूट उंच अशी बैठकीची खोली घेऊ. लांबीमुळे ३८, रुंदीमुळे ४७ आणि उंचीमुळे ५७ हर्ट्झच्या जवळ ती घुमणार. हे सूर बाकीच्यांपेक्षा मोठे होतात आणि वाजवणं थांबल्यावरही रेंगाळतात. परदेशी मासिकांतले सल्ले बहुधा लाकडी सांगाडा आणि जिप्समच्या भिंतींच्या घरांसाठी असतात. तिथला खर्ज भिंतीतून बराच निसटून जातो. आपल्या विटांच्या भिंती आणि सिमेंटचा स्लॅब त्याला कोंडून ठेवतात. म्हणून दुकानदाराने सांगितलेल्या बारा इंचीची गरज आपल्याकडे सहसा कमीच पडते.

पॅनल इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखं पुढे-मागे वाजतं, बाजूंना जवळजवळ गप्प असतं; त्यामुळे खोलीला कमी डिवचतं. सबवूफर चहूबाजूंनी हवा दाबतो. एकाच सुरात दोघांचा पोत वेगळा लागतो तो यामुळे, आणि त्याचं खापर फुटतं वेगावर.

निवड आणि जुळवणी

या सगळ्याचा निष्कर्ष असा: बंद पेटीचे, मध्यम आकाराचे आणि शक्यतो दोन सबवूफर. बंद पेटीचा आवाज खाली उतरताना सप्तकाला १२ डेसिबलने घटतो, भोक असलेल्या पेटीचा २४ ने. खोली स्वतःच खालच्या सुरांना उचल देत असल्याने हळूहळू घटणारी बंद पेटी तिच्याशी बरी जमते. दोन का, याचं उत्तर हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात सापडतं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक सबवूफर ठेवला तर वेगवेगळ्या खुर्च्यांवरचा फरक बराच कमी होतो.

जागा शोधायची युक्ती जुनी आणि खात्रीची. सबवूफर उचलून आपण बसतो त्या खुर्चीवर ठेवा आणि खालच्या सुरांत वर-खाली फिरणारी एखादी बास गिटारची चाल लावा. मग जिथे सबवूफर ठेवता येईल अशा जागी, जमिनीलगत कान नेऊन ऐका. कोपऱ्यात एकच सूर ढणढण वाजेल, आणखी कुठे तो गायबच होईल. जिथे सगळे सूर सारख्या वजनाचे लागतात, ती त्याची जागा. घरचे हसतील, हसू द्यावं.

नंतर क्रॉसओव्हर, म्हणजे पॅनलने जिथे थांबायचं आणि सबवूफरने जिथून सुरू करायचं ती सीमा. मोठ्या पॅनलसाठी ४० ते ६० हर्ट्झ, लहानांसाठी ८० पर्यंत. त्याच्या खालचे सूर पॅनलकडे जाऊच दिले नाहीत तर पडद्याचं ओझं हलकं होतं आणि मधले सूरही स्वच्छ होतात. मग क्रॉसओव्हरच्या सीमेवरचा चाचणीचा सूर लावून सबवूफरवरचं फेजचं बटण ० आणि १८० मध्ये फिरवा. खुर्चीत बसलेल्याला ज्या बाजूला आवाज मोठा लागेल ती बाजू बरोबर. खुर्चीपासून पॅनल आणि सबवूफर यांच्या अंतरातल्या फरकाचा प्रत्येक मीटर सुमारे ३ मिलिसेकंदांचा फरक पाडतो. सोय असेल तर तो डिलेने भरून काढावा.

आवाजाची पातळी नेहमीच्या खुर्चीतच ठरवावी. उंच रिबनचा आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ३ डेसिबलने उतरतो, लहान उगमाचा ६ ने. म्हणून पुढच्या खुर्चीत जमलेला मेळ मागच्या सोफ्यावर बिघडलेला असतो. मोजमापासाठी फोनवर विसंबू नये, त्याचा माईक खालच्या सुरांत लंगडा. साधा मापनाचा माईक आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं.

नागपूरच्या हवेत

आपल्या गावात आणखी एक वादक असतो, तो म्हणजे कूलर. त्याची घरघर खालचेच सूर झाकते आणि त्याचा पत्रा खर्जाबरोबर खडखडतो. एप्रिल-मेमध्ये जुळवणी करणारा माणूस सबवूफर नकळत मोठा करून ठेवतो आणि दिवाळीला कूलर बंद झाला की घर दणाणतं. जानेवारीच्या १२ अंशांपासून मेच्या ४५ अंशांपर्यंत ध्वनीचा वेगही बदलतो. थंडीत ३७ हर्ट्झला घुमणारी वरची खोली उन्हाळ्यात ३९ ला घुमू लागते. एवढ्याने काही बिघडत नाही, कूलरने मात्र बिघडतं. जुळवणी थंडीत करावी. पॅनल उन्हाच्या तिरिपेत ठेवू नये. तारा चिकटवलेल्या पडद्यांचा डिंक उन्हाने सुटतो.

शेजाऱ्यांचंही बघावं. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, पण ती ज्या 'ए' मापाने मोजतात ते ५० हर्ट्झचा सूर ३० डेसिबलने कमी धरतं. मीटर गप्प राहील, वरच्या मजल्यावरच्या काकू राहणार नाहीत.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत, याचं उत्तर दुकानात मिळत नाही. आधी खुर्ची आणि पॅनल सरकवून बघावं, त्याला छदाम लागत नाही. मग जाड गालिचा, पुस्तकांची कपाटं. खर्जावर त्यांचा उपाय चालत नाही, पण वरचा गोंगाट निवतो आणि खालचं नीट ऐकू येतं. मग मापनाचा माईक. त्याच्या आलेखात ५० च्या खाली खरोखरच काही उरलं नसेल आणि आपल्या आवडीच्या संगीतात तिथे काही वाजत असेल, तरच सबवूफरसाठी बर्डीवर जावं. दुकानात तो ऐकायला बसू नये, तिथली खोली वेगळी असते. घरी लावून बघून परत करता येईल का, एवढंच विचारावं.