लॅपटॉप : आज घ्यावा की वाट पाहावी?

भाषाविज्ञानात पीएच.डी.साठी नाव नोंदविलेल्या विद्यार्थ्यापुढे पहिल्या दोन वर्षांत जे व्यावहारिक प्रश्न उभे राहतात, त्यांत लॅपटॉपचा प्रश्न बराच वरचा आहे. जवळचे यंत्र पाच-सहा वर्षांचे झालेले असते, ध्वनिमुद्रणांच्या लांबलचक फाइली उघडताना ते रेंगाळू लागते, आणि नवे घेण्याचा विचार मनात येतो न येतो तोच कोणी तरी सांगतो, "जरा थांबा, सहा महिन्यांत नवे मॉडेल येते आहे." हा सल्ला सद्धेतूने दिलेला असतो व तो खोटाही नसतो. अडचण एवढीच की, सहा महिन्यांनंतरही तो तितकाच खरा असतो.

प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु पैशाच्या बाजूने पाहिले म्हणजे तसा तो राहत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. तिच्याबरोबर मिळणारे आकस्मिक अनुदान मानव्यविद्यांसाठी पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० रुपये एवढेच ठेवलेले होते. पुस्तके, प्रवास आणि छायाप्रती यांतच ते संपते. म्हणून लॅपटॉप संपूर्ण संशोधनकाळात बहुधा एकदाच घेतला जातो, आणि निर्णय चुकला तर त्याचे ओझे प्रबंध सादर होईपर्यंत वागवावे लागते. ज्यांना छात्रवृत्तीच नाही त्यांच्याविषयी वेगळे सांगावयास नको.

या सल्ल्याची भाषाही तपासून पाहण्याजोगी आहे. मराठीत 'थांबणे' आणि 'वाट पाहणे' ही क्रियापदे अशा संदर्भात एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. पण त्यांची रचना एक नाही. 'थांबणे' हे स्वयंपूर्ण आहे. मनुष्य नुसता थांबू शकतो. 'वाट पाहणे' याला मात्र षष्ठ्यन्त पदाची आकांक्षा असते : कोणाची? कशाची? ज्याला या 'कशाची?'चे उत्तर वस्तू आणि तारीख यांसह देता येते, तोच वाट पाहत असतो. इतर नुसते थांबलेले असतात. लॅपटॉपच्या बाबतीत बहुतेक सल्ले 'थांबण्या'चे असतात आणि ते 'वाट पाहण्या'चा वेष घेऊन येतात.

नुसते थांबणेही कधी लाभदायक ठरते काय, याचा एक हिशोब उपलब्ध आहे. अॅरिझोना विद्यापीठाच्या स्ट्यूअर्ड वेधशाळेतील ख्रिस गॉटब्राथ व त्यांचे सहकारी यांनी १९९९ साली अर्ध्या विनोदाने एक निबंध लिहिला. दीर्घ गणितासाठी आज संगणक घेऊन काम सुरू करावे, की काही काळ स्वस्थ बसून मग अधिक वेगवान संगणक घ्यावा, हा त्याचा विषय. यंत्रांचा वेग दर अठरा महिन्यांनी दुप्पट होतो असे त्यांनी गृहीत धरले. (गॉर्डन मूर यांनी १९६५ साली वर्तविलेली मुदत एक वर्षाची होती व १९७५ साली त्यांनी ती दोन वर्षांची केली, अठरा महिन्यांचा लोकप्रिय आकडा मूर यांचा नव्हे.) या गृहीतावरून असे निघते की, आजच्या यंत्रावर जे काम सुमारे सव्वीस महिन्यांच्या आत आटोपणार असेल, त्यासाठी एक दिवसही थांबण्यात हशील नाही. काम चाळीस महिन्यांचे असेल तर मात्र अकरा महिने थांबून नवे यंत्र घेणारा उर्वरित काम सव्वीस महिन्यांत उरकतो आणि एकंदर सुमारे तीन महिने आधी मोकळा होतो.

या हिशोबातील दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक तर वेगवाढ जितकी मंद, तितकी ही सीमारेषा पुढे सरकते. दुप्पट होण्यास अठराऐवजी छत्तीस महिने लागू लागले, तर थांबणे फायदेशीर ठरण्यासाठी काम बावन्न महिन्यांहून मोठे असावे लागेल. प्रगती मंदावली की प्रतीक्षेचे मोलही उतरते. 'हल्ली दरवर्षी फारसा फरक पडत नाही, तेव्हा थांबा' हे विधान म्हणूनच उलट्या बाजूने वाचावयास हवे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. येथे मोजलेले महिने यंत्राच्या अखंड श्रमाचे आहेत. त्या काळात संशोधक झोपला तरी चालते. भाषाविज्ञानात स्थिती याच्या अगदी उलट आहे. शंभर तासांचे एकवाहिनी ध्वनिमुद्रण, सेकंदाला ४८,००० नमुने व प्रत्येक नमुन्यास २४ बिट या मानाने, सुमारे ५२ गिगाबाइट जागा व्यापते. ते साठविणे, किंवा अॅम्स्टरडॅमचे पॉल बूर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांच्या 'प्राट'मध्ये तुकड्यातुकड्याने उघडून स्वरांचे मापन करणे, हे साधारण कुवतीच्या लॅपटॉपलाही जड नाही. पण त्या शंभर तासांचे लिप्यंकन करावयास माणसाचे हजार तास सहज जातात, आणि प्रोसेसर कितीही नवा असला तरी त्यांतील फारच थोडे वाचतात. निवेदकांची वये वाढत असतात, छात्रवृत्तीची मुदत सरत असते. सहा महिने थांबण्याची किंमत या चलनात चुकवावी लागते.

स्वयंचलित लिप्यंकनाने हे चित्र पालटले, असा आक्षेप येथे घेतला जाईल. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुल्या केलेल्या 'व्हिस्पर' या प्रतिमानात मराठीचा समावेश आहे. त्याच्या मूळ मोठ्या आवृत्तीत सुमारे १५५ कोटी प्राचल असून ती नीट चालण्यास दहा गिगाबाइटांच्या आसपास ग्राफिक्स-स्मृती लागते. एवढी स्मृती असलेला लॅपटॉप विद्यार्थ्याच्या आवाक्यातला क्वचितच असतो. पण हे काम वर्षातून काही दिवसांचे आहे. ते विभागाच्या एखाद्या यंत्रावर करता येते. शिवाय व्हिस्परच्या भाषांच्या यादीत अहिराणी वा मालवणी नाही. अशा बोलींच्या मुद्रणांवर शेवटी माणसालाच कान लावून बसावे लागते. तेवढ्यासाठी महागडे यंत्र घेणे, किंवा ते स्वस्त होईल म्हणून खोळंबणे, दोन्ही गैरहिशोबी होत.

खरोखरची 'वाट पाहणे' शोभावी असे प्रसंगही येऊन गेले आहेत. मराठीपुरता सर्वांत ठळक प्रसंग २००० सालचा. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० पासून देवनागरीला युनिकोडचा आधार विंडोजमध्येच मिळू लागला; त्याआधीच्या विंडोज ९८ वर मराठी लिहिणाऱ्यांना आपापल्या सांकेतिक व्यवस्थेच्या फॉन्टांवर विसंबावे लागे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तो मजकूर म्हणजे निरर्थक चिन्हांची रांग. त्या मजकुराचे पुढे रूपांतर करताना जोडाक्षरे आणि रफार यांची जी दैना झाली, ती जुने शब्दसंग्रह हाताळणाऱ्यांना ठाऊक आहे. १९९९ च्या अखेरीस काही महिने कळ काढणाऱ्याला 'कशाची?'चे उत्तर देता आले असते.

तसाच दुसरा प्रसंग अॅपलचा. २२ जून २०२० रोजी त्या कंपनीने इंटेलचे प्रोसेसर सोडून स्वतःचे वापरण्याचे जाहीर केले व पहिली यंत्रे वर्षअखेरपर्यंत येतील असे सांगितले. ती नोव्हेंबरात आली. पुढे जून २०२५ मध्ये, मॅकओएस २६ ही इंटेल यंत्रांवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, हेही तिने कळविले. २०२० च्या उन्हाळ्यात पाच महिने थांबण्याने यंत्राच्या उपयुक्त आयुष्यात कित्येक वर्षांची भर पडत होती. नुसता वेग वाढल्याने असे होत नाही. त्यासाठी पाया बदलावा लागतो.

मराठीत 'जीर्ण' आणि 'कालबाह्य' हे दोन निराळे शब्द आहेत, आणि यंत्राविषयी बोलताना ते निराळेच ठेवावेत. बॅटरी अर्ध्या तासात उतरणे, कळा अडकणे, फिरती हार्ड डिस्क कुरकुरणे ही जीर्णता होय. बॅटरी बदलून, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून, जागा असल्यास रॅम वाढवून ती थोडक्या खर्चात पुष्कळशी दूर होते. कालबाह्यता दुकानात दुरुस्त होत नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षाचकती आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. २०१८ साली सवलतीत मिळाला म्हणून सातव्या पिढीचा लॅपटॉप घेणाऱ्याचे यंत्र त्या दिवशी मुळीच जीर्ण नव्हते, तरी कालबाह्य झाले. लिनक्स बसवून त्याचे आयुष्य वाढविता येते, व प्राटसारखी साधने तेथेही चालतात. मात्र मार्गदर्शक आणि टंकलेखक वर्डच्याच फाइली मागत असतील तर कटकट उरते.

थांबल्याने निदान किंमत तरी उतरेल, ही शेवटची आशा. ती पुष्कळदा फळाला येते, नेहमी नाही. २०११ च्या थायलंडमधील महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या माहितीकेंद्रांनी मागणी वाढविल्यामुळे रॅमचे भाव चढले, आणि डिसेंबरात मायक्रॉनने 'क्रुशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. त्या वर्षीच्या मे महिन्यात रॅम स्वस्त होण्याची वाट पाहणारा डिसेंबरात अधिक पैसे मोजून मोकळा झाला.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तो प्रबंधाच्या वेळापत्रकावरून सोडविणे सोपे जाते. यंत्र बदलावयाचे तर ते क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी दोन महिने बदलावे, म्हणजे मुद्रणयंत्राशी जोडणी, फॉन्ट, कळफलक व प्रती ठेवण्याची व्यवस्था घरीच तपासून घेता येते. प्रबंधलेखनाच्या अखेरच्या सहा महिन्यांत चालते यंत्र बदलू नये. त्या काळात जुन्या लॅपटॉपला एक नवी बॅटरी आणि बाहेरची एक डिस्क एवढे पुरते.