घरसजावटीचं शिक्षण : फी भरण्याआधी काय विचारायचं?

दहावी-बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत हप्त्यांसोबत लेकींच्या प्रवेशाचाही विषय निघतो. त्यात आता इंटिरिअर डिझाइन, म्हणजे अंतर्गत सजावट, हे नाव ऐकू येऊ लागलंय. मुलगी म्हणते, मला हेच शिकायचंय. आई विचारते, फीसाठी गटातून कर्ज मिळेल का? ते कर्ज काढण्याआधी काय तपासायचं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आधी हे काम काय आहे ते बघू. पडदे आणि रंग निवडणं एवढंच ते नाही. खोलीचं माप घ्यायचं, नकाशा काढायचा, ओटा किती उंच आणि विजेची बटणं कुठं ते ठरवायचं, खर्चाचा अंदाज बांधायचा आणि गवंडी, सुतार, वायरमन यांना कळेल असं चित्र त्यांच्या हातात द्यायचं. सामानाची पारखही लागते. साधारण कामाच्या प्लायवूडवर आयएस 303 असा आकडा असतो, पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायवूडवर आयएस 710. मोरीशेजारच्या कपाटाला साधं प्लायवूड लावलं तर ते फुगतं. हे सगळं जिथं शिकवतात, ती खरी शाळा.

शिकायचे रस्ते चार. पहिला आयटीआयचा. दहावीनंतर या विषयाचा एक वर्षाचा ट्रेड काही आयटीआयमध्ये असतो. दुसरा रस्ता तंत्रनिकेतनातल्या पदविकेचा. तिची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. तिसरा बारावीनंतर विद्यापीठाच्या पदवीचा. महर्षी कर्व्यांनी 1916 साली सुरू केलेल्या, आज एसएनडीटी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महिला विद्यापीठातही या विषयाचं शिक्षण मिळतं. आणि चौथा रस्ता खासगी क्लासचा. तिथं संस्था स्वतःच प्रमाणपत्र देते. चौथा रस्ता वाईटच असतो असं नाही, हातात कसब येऊ शकतं. पण आपण काय विकत घेतोय, ते आधी कळलं पाहिजे.

म्हणून पहिला प्रश्न असा : कोर्स संपल्यावर मिळणाऱ्या कागदावर कोणाचं नाव असणार? मंडळाचं, विद्यापीठाचं, की फक्त संस्थेचं? मागच्या वर्षीच्या मुलीच्या प्रमाणपत्राची प्रत मागून बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यानुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला आणि कायद्यानं तसा अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. बनावट विद्यापीठांची यादी आयोग स्वतः जाहीर करतो. माहितीपत्रकावर ‘आयएसओ प्रमाणित’ असं मोठ्या अक्षरात असलं तरी भुलू नका. ते प्रमाणपत्र संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीचं असतं, अभ्यासक्रमाच्या मान्यतेचं नव्हे. संस्थेचं नाव मंडळाच्या किंवा विद्यापीठाच्या यादीत आहे का, ते आपण होऊन तपासायचं.

या एका प्रश्नावर पैशाचं सगळं गणित उभं आहे. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनानं निर्णय काढला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाख किंवा त्याहून कमी असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट अशी, की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून नको. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी वेगळ्या योजना आहेत. अमान्य कोर्सला यातलं काहीच मिळत नाही. शैक्षणिक कर्ज देताना बँकही मान्यता विचारते. म्हणजे जी मुलगी फुकट शिकू शकली असती, तिच्या फीचे हप्ते आई फेडत बसते. तेव्हा आपला कोर्स या योजनेत बसतो का, ते प्रवेशाआधीच महाविद्यालयाकडून लेखी घ्या.

दुसरा प्रश्न शिकवण्याचा. कामकाजाच्या दिवशी संस्थेत जा. दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी हातानं काढलेले नकाशे दाखवायला सांगा. एकास पन्नास प्रमाणाच्या नकाशात कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे खोलीतला एक मीटर. हे एखाद्या विद्यार्थिनीनं तुम्हाला सोपं करून सांगितलं, तर शिकवणं नीट चाललंय असं समजा. ऑटोकॅडसाठी संगणक किती, मुलींना चालू बांधकामावर नेतात का, शिक्षक कायम आहेत की येऊन-जाऊन, हेही विचारा. ‘शंभर टक्के नोकरी’ असं कोणी म्हटलं तर शिकून गेलेल्या दोन मुलींशी बोलू द्या म्हणावं. त्या कुठं काम करतात, हातात किती पडतात, ते त्यांनाच विचारा.

तिसरा प्रश्न खर्चाचा. फीखेरीज वसतिगृह, जेवण, प्रवास, कागद, नमुने करायचं सामान आणि लॅपटॉप, हे सगळं एका वहीत मांडा. भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. प्रवेश रद्द केला तर किती पैसे परत मिळतील, ते लेखी घ्या. मूळ गुणपत्रिका दाखवायच्या आणि लगेच परत घ्यायच्या.

आणखी एक गोष्ट मुलीला आधीच सांगा. हा कोर्स करून आर्किटेक्ट होता येत नाही. 1972 च्या कायद्यानुसार वास्तुकला परिषदेकडे नोंद असलेल्यांनाच ते नाव लावता येतं. सुरुवातीची वर्षं कोणाच्या तरी हाताखाली, उन्हातान्हात, चालू बांधकामावर जातात. मात्र नवी घरं, दुकानं, दवाखाने आता तालुक्यालाही होतात, त्यामुळं काम फक्त पुण्या-मुंबईतच मिळेल असं नाही.

‘आज फी भरली तर सवलत, उद्या जागा नाही’ असं म्हणणाऱ्या संस्थेत त्या दिवशी पैसे भरू नका. मुलीबरोबर गटातल्या दोघीजणी जा, एकीनं विचारायचं, दुसरीनं लिहून घ्यायचं. परत आल्यावर ती वही बैठकीत सगळ्यांसमोर वाचा आणि मग कर्जाचा ठराव करा.